कॅमेऱ्याची सूचना देणारं यंत्र घेण्याआधी ती तीन चलानं नीट वाचा

भाऊ, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही चोपड्याचे. महिन्यातून दोनदा अमळनेर, धुळे, नाशिक करत मुंबईला जाता. गाडी २०२१ ची बोलेरो. गेल्या चार महिन्यांत वेगाची तीन ई-चलानं आली. मित्राच्या गाडीत डॅशबोर्डला चिकटवलेलं एक यंत्र पाहिलं, पुढे स्पीड कॅमेरा असला की ते आधीच बोलतं. किंमत आठ-नऊ हजार. ते घ्यावं का, आपल्याकडे ते कायद्यात बसतं का आणि घेतल्यावर चलानं थांबतील का, असं तुम्ही विचारलंय. जाता जाता लिहिलंय की सहा महिन्यांपूर्वी टायर बदलताना २१५ मिलिमीटर रुंदीच्या जागी २३५ चे टाकले. त्या टायरकडे मी पुढे येतो. तुमच्या चलानांशी त्याचा संबंध आहे, असं मला वाटतं.

मी जळगावात टुरिस्ट गाड्यांचा धंदा करतो. बावीस वर्षं झाली. आधी स्वतः चालवायचो, आता सहा गाड्या आहेत आणि लांबचं भाडं असलं की अजूनही मीच स्टिअरिंगवर बसतो. चलानाचा मेसेज ड्रायव्हरला नाही, मालकाला येतो. त्यामुळे सहाही गाड्यांची चलानं माझ्याच मोबाइलवर येतात, आणि मी ती एका वहीत उतरवून ठेवतो: तारीख, जागा, मोजलेला वेग, तिथली मर्यादा, कोण चालवत होतं. तुम्हाला जे सांगतोय ते बरंचसं या वहीतून आलेलं आहे.

पिवळ्या पाटीच्या आमच्या गाड्यांना ८० चा स्पीड गव्हर्नर असतो. ॲक्सिलरेटर कितीही दाबा, गाडी ८० च्या पुढे जात नाही. तरीही आम्हाला वेगाची चलानं आली आहेत. म्हणजे ती कुठे आली असतील? मोकळ्या चौपदरी रस्त्यावर नक्कीच नाही. ती आली घाटाच्या उतारावर, बायपास संपून गावाची हद्द सुरू होते तिथे, पुलाचं काम चालू असलेल्या वळणावर. मर्यादा ८० ची ६० किंवा ४० झाली आणि ड्रायव्हरचा पाय आधीच्याच वेगात राहिला. हे लक्षात आल्यापासून माझं मत बदललं. आपल्याला कॅमेरा दिसत नाही हा खरा प्रश्नच नाही. आत्ता या जागी मर्यादा किती, हेच आपल्याला माहीत नसतं.

म्हणून पैसे खर्च करण्याआधी एक काम करा. महाट्रॅफिकवर, म्हणजे राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या ई-चलानाच्या साइटवर, गाडीचा नंबर टाकून तिन्ही चलानं उघडा. त्यावर गाडीचा फोटो, जागा, वेळ, मोजलेला वेग आणि तिथली मर्यादा असते. तिन्ही एका कागदावर समोरासमोर लिहा. तिन्ही ठिकाणी मर्यादेपेक्षा पंचवीस-तीस जास्त असाल तर तो सवयीचा प्रश्न आहे, आणि यंत्राने सवय बदलत नाही. तीन ते सहाने जास्त असाल तर टायरचा मुद्दा बघा. आणि जागा पाहून ‘इथे ६० होतं?’ असं आश्चर्य वाटलं, तर यंत्राचा तुम्हाला उपयोग होईल. मित्राला होतो तसा नव्हे, वेगळ्या तऱ्हेने.

आता यंत्राविषयी. बाजारात एकाच नावाखाली तीन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात, आणि ग्राहकाची फसगत इथेच होते.

पहिली जात जीपीएसवर चालते. तिच्या पोटात कॅमेऱ्यांच्या जागांची यादी असते. गाडी त्या जागेपासून काही अंतरावर आली की ती बोलते. तिला समोर काहीही ‘दिसत’ नाही. यादीत असेल तेच ती सांगते. मोबाइलमधली ॲप्सही याच जातीची. गूगल मॅप्स आणि मॅपल्स दोन्हीत वेगमर्यादा आणि कॅमेऱ्याची सूचना फुकट मिळते.

दुसरी जात रडार डिटेक्टरची. ही समोरून येणाऱ्या रेडिओ लहरी पकडते. वेग मोजणारी बरीच रडारं २४ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतात. पण मॉलचे आपोआप उघडणारे दरवाजे आणि शेजारून जाणाऱ्या काही गाड्यांचे ब्लाइंड स्पॉट सेन्सरसुद्धा (आरशात न दिसणारी शेजारची गाडी ओळखणारे) त्याच पट्ट्यात असतात. त्यामुळे शहरात शिरलं की ते सतत ओरडत राहतं, आणि चार दिवसांत माणूस त्याच्याकडे लक्ष देणं सोडतो. शिवाय हायवे पोलिसांच्या इंटरसेप्टर, म्हणजे वेग तपासणाऱ्या, गाडीत लेझर गन असते. लेझरचा झोत तीनशे मीटरवर जेमतेम मीटरभर रुंद असतो आणि तो नेमका तुमच्याच नंबर प्लेटवर येतो. तुमचं डिटेक्टर वाजेपर्यंत अर्ध्या सेकंदात वेग मोजून झालेला असतो. म्हणजे ते वाजतं तेव्हा चलान होऊन गेलेलं असतं.

तिसरी जात जॅमरची. पोलिसांच्या यंत्राला गोंधळात टाकण्यासाठी हा स्वतः लहरी सोडतो. याचं नावही काढू नका. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय खासगी माणसाने जॅमर वापरणं हा गुन्हा आहे. ‘अँटी रडार’ अशा गोड नावाने कोणी विकत असेल, तर तो तुम्हाला अडचणीत टाकतोय.

तुमच्या मित्राकडचं यंत्र पहिल्या जातीचं वाटतं, कारण ते ‘पुढे कॅमेरा आहे’ असं शब्दांत बोलतं. घेण्याआधी एवढंच विचारून खात्री करा की ते फक्त जीपीएसवर चालतं. रडार पकडणारा भाग आत असेल तर मी तरी ते माझ्या गाडीत लावणार नाही.

कायद्याचं म्हणाल तर आपल्याकडे सरकार स्वतःच कॅमेऱ्याची आगाऊ सूचना देतं. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३६-अ आलं, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७-अ हा नियम आला. कॅमेरे धोक्याच्या आणि जास्त वर्दळीच्या पट्ट्यांवर बसवावेत, यंत्राला दरवर्षी प्रमाणपत्र घ्यावं, आणि त्या पट्ट्याच्या आधी ठळक फलक लावून लोकांना कळवावं, असं त्यात म्हटलंय. याच नियमासोबत शहरांची एक यादी आहे. त्यात आपलं जळगावही आहे. गुन्हा घडल्यापासून १५ दिवसांत सूचना पाठवायची, हेही त्यातच आहे. तेव्हा यादीवरून ‘पुढे कॅमेरा आहे’ असं सांगणारं साधन त्या फलकाचंच काम करतं. सगळीकडे असं नाही हेही सांगतो. जर्मनीत गाडी चालवताना असं ॲप चालू ठेवायलाही बंदी आहे, आणि फ्रान्सने २०१२ पासून कॅमेऱ्याची नेमकी जागा सांगणारी साधनं बंद केली. तुमचा मुलगा किंवा भाचा तिकडे असेल आणि त्याच्या सांगण्यावरून हे यंत्र मागवत असाल, तर इकडच्या-तिकडच्या गोष्टी एकत्र करू नका.

दंड किती, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण ठाऊक असावं. कलम १८३ प्रमाणे हलक्या वाहनाला १००० ते २००० रुपये, मध्यम आणि जड वाहनाला २००० ते ४०००. दुसऱ्यांदा पकडलं गेलं तर लायसन्स जप्त होण्याची तरतूद आहे. ड्रायव्हिंगवर पोट असणाऱ्या माणसाला दंडापेक्षा या लायसन्सची भीती मोठी असते.

आता माझ्या अनुभवाचं. अशी यंत्रं मीही घेतली होती. दोन गाड्यांना लावली. चार वर्षांपूर्वी, कापसाच्या दिवसांत, संध्याकाळी साडेसातला आम्ही धुळ्याहून जळगावकडे निघालो होतो. गाडी माझा ड्रायव्हर चालवत होता, मी शेजारी. गुणी पोरगा आहे, दारूचा थेंब घेत नाही. यंत्र बोललं, ‘पुढे पाचशे मीटरवर स्पीड कॅमेरा.’ त्याने ७८ वरून ५५ वर आणलं. तो टप्पा गेला, यंत्राने टुंग करून सुटका सांगितली आणि गाडी पुन्हा ७८ वर गेली. दोनेक किलोमीटरवर अंधारात एकदम पांढरं काहीतरी दिसलं. कापसाने भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली होती. जाळीतून कापसाचे बोंगे बाहेर लोंबत होते. मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. चाक पंक्चर, अर्धी ट्रॉली रस्त्यावर, चाकामागे दगड लावलेला आणि एक दहा-बारा वर्षांचं पोर मोबाइलचा टॉर्च हलवत उभं. आमची गाडी थांबली तेव्हा बोनेट आणि ट्रॉली यांच्यात हातभर अंतर होतं. ब्रेकचा वास गाडीत भरला होता. मागे बसलेल्या मावशी मोठ्याने ‘मुक्ताई, मुक्ताई’ म्हणत होत्या.

थोड्या वेळाने माझा ड्रायव्हर मला म्हणाला, ‘भाऊ, मशीन काही बोलनंच नही.’

मी त्या वाक्यावर फार विचार केला. त्याचा दोष नव्हता. आम्हीच त्याच्या कानाला सवय लावली होती की धोका असला की मशीन बोलतं, आणि मशीन गप्प असलं की रस्ता मोकळा. मशीनला ट्रॉली माहीत नाही. त्याला बैलगाडी माहीत नाही, लग्नाची वरात माहीत नाही, सारंगखेड्याच्या यात्रेला पायी निघालेली माणसं माहीत नाहीत. त्याला फक्त खांब माहीत आहे. त्या रात्री आम्ही यंत्रावरची कॅमेऱ्याची घोषणा बंद केली आणि मर्यादा बदलल्याची घोषणा चालू केली. तेव्हापासून आमच्याकडे तसंच आहे.

वेगाचं गणित मी नव्या ड्रायव्हरला कागदावर करून दाखवतो, तुम्हीही करून बघा. समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण दीड सेकंद जातो. ८० च्या वेगात तेवढ्यात गाडी ३३ मीटर जाते, मग कोरड्या चांगल्या रस्त्यावर थांबायला आणखी ३६ मीटर लागतात. एकूण ७० च्या आसपास. १०० च्या वेगात तेच ९८ मीटर होतात. म्हणजे ८० ची गाडी ज्या जागी उभी राहते, त्या जागी १०० ची गाडी अजून सुमारे ७० च्या वेगात असते. आणि मिळतं काय? जळगाव ते धुळे साधारण ९० किलोमीटर. सलग ८० ने आणि सलग १०० ने गेलात तर फरक जेमतेम चौदा मिनिटांचा. सलग १०० ने आपल्या रस्त्यावर कोणी जाऊ शकत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात पाच-सात मिनिटं वाचतात.

कॅमेरा आला की कचकन ब्रेक मारण्याचा आणखी एक धोका मागून येतो. आपल्या पट्ट्यात तुमच्या मागे बहुधा रावेर-सावद्याहून केळी भरून निघालेला ट्रक असतो. भरलेला ट्रक तुमच्याइतक्या अंतरात थांबत नाही. तुमच्या यंत्राने काय सांगितलं, ते त्या ड्रायव्हरला कसं कळणार? मोकळ्या रस्त्यावर तुम्ही काहीच कारण नसताना ९५ वरून ६० वर आलात, तर तो तुमच्या डिकीत शिरतो. म्हणून यंत्र कोणतंही असो, सूचना आली की आधी आरसा बघायचा, मग ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा आणि गाडीला स्वतःच्या वजनाने हळू होऊ द्यायचं. पाचशे मीटर त्याला भरपूर होतात. ब्रेकवर पाय ठेवावा लागला, तर तुम्ही आधीच जास्त वेगात होतात.

मुंबईच्या फेऱ्यांचं म्हणाल तर तुम्ही पुढे पुण्यालाही जात असाल. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आता सरासरी वेग मोजणारी यंत्रणा आहे. तुम्ही एका खांबाखालून कधी गेलात आणि पुढच्या खांबाखालून कधी, त्यावरून ती वेग काढते. समजा दोन खांबांत दहा किलोमीटर आहेत आणि मर्यादा १००. सहा मिनिटांच्या आत पोचलात की चलान. खांबाखाली ८० ने गेलात आणि मध्ये १३० मारलीत, तरी घड्याळ सहा मिनिटांच्या आतच दाखवणार. इथे खांबाची जागा सांगणाऱ्या यंत्राचा काडीचाही उपयोग नाही.

आता टायर. बोलेरोला कंपनीचा टायर २१५/७५ आर १५ असतो. तुम्ही टाकलेला २३५/७५ आर १५. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, ७५ म्हणजे रुंदीच्या ७५ टक्के टायरची उंची, आणि १५ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. हिशेब असा की जुन्या चाकाचा व्यास साधारण ७०४ मिलिमीटर, नव्याचा ७३४. म्हणजे चाक चार टक्क्यांहून थोडं जास्त मोठं झालं. स्पीडोमीटर चाकाचे फेरे मोजतो, त्याला टायर बदललेला कळत नाही. चाकाचा एक फेरा आता चार टक्के जास्त अंतर कापतो, पण काटा जुन्याच हिशेबाने दाखवतो.

कंपन्या स्पीडोमीटर मुद्दाम थोडा पुढे ठेवतात, म्हणजे तो खऱ्या वेगापेक्षा किंचित जास्त दाखवतो. कमी दाखवू नये असाच त्याचा नियम आहे. माझ्या गाड्यांत काटा ८४ वर असतो तेव्हा जीपीएसवर ८० दिसतो. ही तीन-चार किलोमीटरची जी सूट असते, ती तुमच्या मोठ्या टायरने खाऊन टाकली. पूर्वी काट्यावर ९० ठेवून तुम्ही खरे ८६ ने जात होतात, आता काट्यावरच्या ९० ला खरोखर ९० च्या आसपास जाता. तुम्हाला वाटतं आपण पूर्वीसारखंच चालवतो, मग चलान आत्ताच का? तुम्ही सहा महिन्यांपूर्वी टायर बदलले आणि चार महिन्यांपासून चलानं यायला लागली, हे बघून मला हेच दिसतं. अर्थात काटा किती पुढे ठेवलाय, हे गाडीगणिक वेगळं असतं आणि टायर झिजला की व्यासही थोडा कमी होतो. त्यामुळे स्वतः मोजूनच ठरवा. मोबाइलवर जीपीएसचा वेग दाखवणारं ॲप लावा, सरळ मोकळ्या रस्त्यावर एक किलोमीटर एकाच वेगात चला, आणि शेजारच्याला काटा व मोबाइल दोन्ही वाचायला सांगा. तुम्ही वाचू नका. वेग वाढवताना किंवा कमी करताना जीपीएस एक-दोन सेकंद मागे असतो, म्हणून वेग स्थिर असतानाच वाचायचं.

तुमच्या गाडीत ८० च्या वर गेलं की बीप येतो, तोच पुरेसा नाही का, असंही तुम्ही विचारलंय. तो बीप १ जुलै २०१९ पासून सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीचा झाला. ८० च्या वर मिनिटाला एकदा आणि १२० च्या वर सतत वाजतो. तो चांगला आहे, पण त्याला रस्ता माहीत नाही. गावात ४० ची मर्यादा असताना ७० ने गेलात तरी तो गप्प असतो.

आणि तुमच्या रस्त्याचं नीट बघा. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे कारला द्रुतगती मार्गावर कमाल १२०, दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर १००, शहराच्या हद्दीत ७० आणि बाकीच्या रस्त्यांवर ७० अशी मर्यादा ठरली होती. राज्य त्याहून कमी ठरवू शकतं आणि जागेवरच्या बोर्डावर जो आकडा असेल तोच पाळायचा. चोपडा-अमळनेर-धुळे हा तुमचा रस्ता बराचसा दुपदरी, म्हणजे तिथे ७० धरूनच चला. या रस्त्यांवर यंत्राच्या यादीत मर्यादा बऱ्याचदा नसते, किंवा चुकीची असते. मोठ्या हायवेवरही फागणे-तरसोद, तरसोद-चिखली असं चौपदरीकरण झालं, बायपास निघाले, पण जुन्या नकाशाच्या यंत्राला तुम्ही अजून गावातून चालला आहात असं वाटतं. तसंच सर्व्हिस रोड आणि मुख्य रस्ता शेजारी-शेजारी असले की जीपीएसला दोन्हींतला फरक कळत नाही, कारण त्याचा अंदाज काही मीटरने हलतोच. उड्डाणपुलावर आहात की खाली, हेही त्याला नेहमी कळत नाही. यंत्र ८० म्हणतंय आणि बोर्ड ५० म्हणतोय, तर बोर्ड खरा.

माझं मत विचाराल तर आठ-नऊ हजार घालू नका. आधी एक महिना मोबाइलवरच फुकटचं ॲप वापरा. त्यात तुमचा प्रश्न सुटला तर पैसे वाचले. वेगळं यंत्र घेण्याचं एकच कारण मला पटतं. मोबाइलवर फोन येतात, व्हॉट्सॲप वाजतं, आणि तेवढ्यात मर्यादेची सूचना निघून जाते. ज्याचा धंदा फोनवर चालतो त्याला वेगळं यंत्र बरं पडतं. घेतलंत तर यादी महिन्यातून एकदा अपडेट होते का, आणि त्यासाठी दरवर्षी पैसे द्यावे लागतात का, हे आधी विचारा.

लावताना आपल्याकडचं ऊन लक्षात ठेवा. इथे बाहेरच्या माणसाला कल्पना येत नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळात पारा ४५ च्या वर जातो आणि उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड हात लावू देत नाही. रबराचा सक्शन कप अशा वेळी काच सोडतो. माझ्या एका गाडीत यंत्र चालत्या गाडीत टपकन खाली पडलं आणि घरंगळत ब्रेक पेडलच्या खाली गेलं. ड्रायव्हरने ब्रेक दाबला तर पेडल अर्ध्यावरच अडलं. नशिबाने रस्ता मोकळा होता, हँडब्रेकने गाडी थांबवली. तेव्हापासून काचेला सक्शन लावणं बंद. एसीच्या जाळीला धातूच्या क्लिपने बसवायचं, म्हणजे थंड हवेवर यंत्रही तापत नाही. मोबाइल वापरत असाल तर तोही तिथेच. उन्हात तापला की मोबाइल आधी स्क्रीन मंद करतो आणि मग ॲप बंद पडतं, तुम्हाला पत्ताही लागत नाही. वायर काचेच्या कडेने बीडिंगखालून न्यायची, स्टिअरिंगजवळ लोंबती ठेवायची नाही. एअरबॅगच्या झाकणावर काहीही चिकटवायचं नाही. गाडी उभी करताना यंत्र काढून डिकीत ठेवा, बॅटरी फुगत नाही.

सेटिंगमध्ये तीन गोष्टी करा. मर्यादा बदलली की बोलेल, हे चालू. मर्यादेच्या वर एक किलोमीटर गेलं तरी वाजेल असं ठेवा, ‘दहा वर गेल्यावर वाज’ असं ठेवलंत की तुमची मर्यादाच दहाने वाढते. आणि फक्त कॅमेऱ्याची घोषणा बंद. शेवटचं करताना लोकांना वाटतं की मी यंत्राचा मुख्य उपयोगच काढून घेतोय. महिनाभर करून बघा. मर्यादेत असणाऱ्याला कॅमेरा कुठे आहे हे माहीत असण्याची गरज पडत नाही.

नेटवर्कचं थोडंसं. जीपीएसला इंटरनेट लागत नाही, पण ॲपला नकाशा उघडायला ते लागतं. सातपुड्याकडे, पळासनेरच्या पुढे बिजासन घाटाच्या बाजूला रेंज जाते-येते. त्या बाजूला जाणार असाल तर घरून निघतानाच नकाशा डाउनलोड करून घ्या.

अजून एक गोष्ट मनापासून सांगतो. समोरून येणाऱ्याने डिपर दिला की पुढे पोलीस आहेत, ही आपल्या रस्त्यावरची जुनी रीत. काही ॲप्समध्येही आता ‘पुढे पोलीस’ अशी खूण टाकता येते. वेगाच्या कॅमेऱ्याबद्दल सांगायला माझी हरकत नाही. पण नाकाबंदीची खूण कधीही टाकू नका आणि तिथे डिपरही देऊ नका. तिथे दारू पिऊन गाडी चालवणारा पकडायचा असतो, कधी चोरीची गाडी, कधी पळवलेलं पोर. आपण ज्याला सावध करतो तो कोण आहे, हे आपल्याला अंधारात दिसत नाही.

चलान चुकीचं वाटलं, म्हणजे फोटोत गाडी दुसरीच आहे किंवा नंबर चुकीचा वाचलाय, तर ऑनलाइन तक्रार करा, पुरावा म्हणून टोलची पावती किंवा फास्टॅगची नोंद जोडा. माझं एक चलान तसं रद्द झालं आहे. ते ज्या दिवसाचं होतं त्या दिवशी गाडी जळगावात गॅरेजला होती आणि बिलावर तारीख होती. पण तुमच्या तिन्हींवर फोटो तुमच्याच गाडीचा असेल तर भरून टाका, साचू देऊ नका.

जुने २१५ चे टायर अजून घरात पडले असतील आणि नक्षी शिल्लक असेल, तर एक फेरी ते घालून करा, काट्याचा आणि जीपीएसचा फरक लिहा. मग २३५ वर तोच फरक लिहा. दोन्ही आकडे आणि तिन्ही चलानांवरचा मोजलेला वेग मला इथेच कळवा. काट्यावर किती ठेवायचं ते मी तुम्हाला हिशेब करून सांगतो, आणि तो आकडा एका चिठ्ठीवर लिहून स्पीडोमीटरच्या काचेच्या कोपऱ्यात चिकटवून टाका.